पकडलेल्या सोल्जरना बॉल कोण देतो?

कापणी झाली की आमच्या फोंड्याच्या बाजूची शेतं रिकामी होतात आणि पोरं लगेच त्यात फुटबॉल सुरू करतात, दोन चपला इकडे दोन चपला तिकडे, झाले गोलपोस्ट. परवा भाचा तिथूनच आला, भाताची खुंटं टोचून घोट्यावर ओरखडे, आणि हात न धुता मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. रील होतं. ब्लॅक अँड व्हाइट फोटो, काटेरी तार, मागे पहाऱ्याचा टॉवर, आणि तारेच्या आत हाफपँटवाले गोरे फुटबॉल खेळतायत. वर लिहिलेलं, दुसऱ्या महायुद्धातले युद्धकैदी. खाली कमेंट, 'हे जेल आहे की स्पोर्ट्स अकॅडमी?' आणि हसणाऱ्या स्मायल्या.

भाच्याचा प्रश्न मात्र वेगळाच. "मामा, ह्यांना पकडलंय ना? मग बॉल कोणी दिला?"

आमच्याकडे गल्लीतला नियम तुम्हाला माहीतच आहे, ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग. बॉल कोणाचा यावर अर्धा खेळ ठरतो, म्हणून पोराचा प्रश्न मला एकदम बरोबर वाटला. पण उत्तर एका वाक्यात येईना, मग त्याला सांगता सांगता जे जमलं ते इथे लिहितोय.

आधी हे बघू, युद्धकैदी म्हणजे कोण

युद्धकैदी आणि जेलमधला कैदी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. चोरी केली म्हणून आत टाकतात तो कैदी, त्याला शिक्षा झालेली असते. युद्धकैद्याने गुन्हा केलेलाच नसतो. तो त्याच्या देशाच्या वतीने लढत होता, हातात सापडला, आता परत जाऊन लढू नये एवढ्यासाठी त्याला बाजूला बसवून ठेवायचं. कबड्डीत गडी बाद झाला की रेषेबाहेर जाऊन बसतो ना, तसंच. बाद झालेल्या गड्याला कोणी मारत नाही, त्याला पाणीबिणी पाजतात, मॅच संपली की तो घरी जातो.

हे नियम जिनिव्हा करारात लिहिलेत. जिनिव्हा करार म्हणजे युद्धात सुद्धा काय करायचं नाही यावर देशांनी आपसात केलेली लेखी बोली. युद्धकैद्यांबद्दलचा एक १९२९ चा आणि त्याच्या जागी आलेला, आता चालू असलेला १९४९ चा.

गोव्यात हे पुस्तकातलं नाहीये बरं का. १९ डिसेंबर १९६१ ला गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वाने शरणागती पत्करली आणि तीन हजारांच्या वर पोर्तुगीज सैनिक भारताचे युद्धकैदी झाले, एक कॅम्प इथे फोंड्यातच होता, एक वास्कोच्या बाजूला. भारताने १९४९ चा करार १९५० मध्येच मान्य केलेला, आणि पोर्तुगालने, गंमत बघा, १९६१ च्या मार्चमध्ये, म्हणजे हरायच्या नऊ महिने आधी. १९६२ च्या मे महिन्यात ते सगळे घरी गेले.

आता दुसरी बाजू. मोहन रानडे मास्तर, सांगलीकडचे, गोव्यात येऊन मराठी शिकवायचे आणि गोवामुक्तीसाठी शस्त्र घेऊन लढले, १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले. पोर्तुगीजांनी त्यांना सैनिक मानलंच नाही, गुन्हेगार मानलं, २६ वर्षांची शिक्षा ठोकली आणि पोर्तुगालला नेऊन टाकलं. गोवा मुक्त झाला, पोर्तुगीज सैनिक मायदेशी पोचले, आणि रानडे सुटले १९६९ च्या जानेवारीत. सुधीर फडकेंनी त्यांच्या सुटकेसाठी जिवाचं रान केलं होतं. म्हणजे 'युद्धकैदी' हा एक शब्द कपाळावर लागतो की नाही यावर माणसाची सात वर्षं ठरली. बॉलचं सोडाच.

मग बॉल देणं नियमात आहे?

आहे की. १९२९ च्या करारात कलम १७ म्हणायचं की कैद्यांनी स्वतः भरवलेल्या खेळांना आणि वाचन-बिचनाला सरकारने होता होईल तेवढं उत्तेजन द्यावं. १९४९ च्या करारात कलम ३८ अजून पुढे गेलं, व्यायाम आणि खेळाची संधी द्यायची, उघड्यावर फिरू द्यायचं, आणि प्रत्येक कॅम्पमध्ये त्यासाठी पुरेशी मोकळी जागा ठेवायची. कॅम्पच्या तारेच्या आत मैदान दिसलं तर ते कमांडंटचं मन मोठं आहे म्हणून नाही, कलमात लिहिलंय म्हणून. त्याच कलमात अजून एक छोटी गोष्ट आहे आणि मला ती फार महत्त्वाची वाटते, प्रत्येक कैद्याची स्वतःची आवडनिवड सांभाळून. म्हणजे खेळायची सक्ती नाही.

आता प्रत्यक्ष बॉल. दुसऱ्या महायुद्धात बरंचसं सामान यायचं वायएमसीए (ही ख्रिस्ती युवकांची जागतिक संघटना) आणि रेड क्रॉसकडून, फुटबॉल, बेसबॉलचे ग्लोव्हज, बॅटी, आइस स्केट सुद्धा. म्हणजे बॉल ना पकडणाऱ्याचा ना पकडलेल्याचा, तिसऱ्याचा. माझ्या मते ही भानगड चालली ती त्यामुळेच.

आणि जे येत नसे ते बनवायचे. सागान नावाच्या गावात, आता ते पोलंडमध्ये येतं, जर्मन हवाई दलाने पकडलेल्या वैमानिकांचा मोठा कॅम्प होता, त्याला स्टालाग लुफ्ट तीन म्हणायचे. तिथे गोल्फचं वेड लागलं, पण गोल्फचा बॉल कुठून आणणार, मग बुटाच्या तळव्याचं रबर कापून बारीक पट्ट्या, त्या ताणून ताणून गुंडाळायच्या, वरून जुन्या बुटाचं चामडं शिवायचं. मी भाच्याला म्हटलं, अरे आम्ही हेच करायचो. आमच्या वाड्यावरच्या पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलची फाटलेली ट्यूब मिळाली की लॉटरी, कात्रीने तिच्या बांगड्या कापायच्या, आत चिंध्यांचा गोळा, त्यावर एकेक बांगडी उलटसुलट चढवत जायची, शेवटी शेवटी ती चढवताना बोटं लाल व्हायची आणि एखादी सटकून तोंडावर बसायची. असला बॉल टप्पा भलतीकडेच घेतो. पण फुटत नाही.

शत्रूचे एवढे लाड कशाला?

हा प्रश्न रीलखाली पन्नास जणांनी विचारलेला. आपली पोरं तिकडे मरतायत आणि ह्यांना मैदान?

पहिलं कारण साटंलोटं. दोन घरांनी साटंलोटं केलं, आपली मुलगी त्यांच्याकडे दिली त्यांची आपल्याकडे आणली, तर आपण सुनेला उपाशी ठेवलं की तिकडे आपल्या लेकीच्या ताटातली भाकरी कमी होते. ब्रिटिश जर्मनांकडे होते, जर्मन ब्रिटिशांकडे होते, दोघांनाही हे गणित नीट कळत होतं.

दुसरं कारण अजून साधं. मे महिन्याच्या सुट्टीत आई पोरांना दुपारीच घराबाहेर हाकलते, जा खेळा जा, ते काय पोरांच्या विकासासाठी? पोरं दमली की रात्री भांडत नाहीत. हजार दीड हजार तरणेबांड पुरुष, रिकामे, चिडलेले, तारेत कोंडलेले, त्यांना दिवसभर काही नसेल तर ते भांडतील, बंड करतील नाहीतर भुयार खणतील. एक बॉल दहा पहारेकऱ्यांपेक्षा स्वस्त. (भुयार त्यांनी तरीही खणलं, ते पुढे येतंय.)

आणि जिथे साटंलोटं नव्हतं तिथे काय झालं ते पण बघा. सोव्हिएत रशियाने १९२९ च्या करारावर सही केली नव्हती, ही सबब पुढे करून जर्मनीने रशियन कैद्यांना कसलेच नियम लावले नाहीत. इतिहासकारांच्या अंदाजाने सुमारे ५७ लाख पकडले गेले आणि त्यातले ३३ लाखांच्या आसपास मेले, भुकेने, थंडीने, गोळ्यांनी. त्याच जर्मनीच्या ताब्यात, त्याच वर्षांत, एका तारेच्या आत गोल्फ आणि दुसऱ्या तारेच्या आत हे. त्यामुळे 'जर्मन कॅम्पमध्ये मजा होती' असं कोणी म्हणालं तर विचारायचं, कोणाच्या कॅम्पमध्ये?

अजून एक फाटा आहे जो रीलवाले कधीच सांगत नाहीत. खेळाचे हे सगळे फेमस किस्से बहुतेक ऑफिसरांच्या कॅम्पमधले असतात. कारण करारानुसार ऑफिसरला कामाला जुंपता येत नाही, साध्या शिपायाला येतं. शिपाई दिवसभर खाणीत, शेतात, रेल्वेरुळावर राबायचा, त्याला बॉल मिळायचा तो रविवारी, तेही पाय उचलत असतील तर. आणि पाय उचलणं हे जेवणावर. रेड क्रॉसची पार्सलं येत होती तोवर लीग चालल्या, युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात पार्सलं आटली तशी मैदानं ओस पडली.

पूर्वेकडे तर अजून वाईट. जपानने १९२९ च्या करारावर सही केली पण तो मंजूर केलाच नाही. सिंगापूर पडल्यावर चांगीच्या कॅम्पमध्ये सुरवातीला क्रिकेट फुटबॉल जोरात चाललं, मग कैद्यांना थायलंड-बर्माच्या रेल्वेवर नेलं आणि तिथे क्रिकेट उरलं ते कागदावर. खरोखर कागदावर. ई. डब्ल्यू. स्वॉन्टन नावाचा इंग्लिश क्रिकेट लेखक त्यात होता, त्याच्याकडे १९३९ चं विस्डेन होतं, विस्डेन म्हणजे क्रिकेटच्या स्कोरकार्डांचं जाडजूड वार्षिक. जपानी सेन्सॉरने ते तपासलं आणि वर शिक्का मारला की यात आक्षेपार्ह काही नाही. शेकडो कैद्यांनी ते हातोहाती वाचलं, चिंध्या व्हायला आलं तेव्हा पुन्हा बांधून घेतलं. भुकेने सापळा झालेला माणूस संध्याकाळी जुन्या मॅचचा स्कोर वाचतोय. आकड्यांत एवढं काय असतं ते क्रिकेटवेड्या घरात वाढलेल्याला सांगायला नको.

कैद्याला यातून काय मिळतं?

ॲडॉल्फ फिशर नावाच्या स्विस डॉक्टरने पहिल्या महायुद्धात कैदी तपासले आणि एका दुखण्याला नाव दिलं, काटेरी तारेचा आजार. जखम नाही, ताप नाही, पण माणूस चिडचिडा होतो, लक्ष लागत नाही, झोप जाते, विसरायला लागतो. कारण एकच, सुटका कधी ते माहीत नाही. चोराला माहीत असतं तीन वर्षं. युद्धकैद्याला तारीखच नसते.

म्हणून खेळ. खेळामुळे तारखा येतात. येत्या शनिवारी सेमीफायनल, पुढच्या महिन्यात नवीन लीग. पहिल्या महायुद्धात बर्लिनजवळ रूलेबेन म्हणून कॅम्प होता, घोड्यांच्या रेसकोर्सवर, माणसं तबेल्यांत ठेवलेली. ते सैनिक नव्हते, युद्ध सुरू झालं तेव्हा जर्मनीत अडकलेले चार हजारांवर ब्रिटिश नागरिक, त्यात इंग्लंडचा नावाजलेला फुटबॉलर स्टीव्ह ब्लूमर होता, जॉन कॅमेरॉन होता, फ्रेड पेंटलंड होता. झालं, बराकीबराकींच्या टीम, लीग, कप, सगळं. पेंटलंड पुढे स्पेनमध्ये कोच म्हणून गेला आणि बिल्बाओच्या टीमला त्याने घडवलं.

पण माझा आवडता किस्सा पोलिश ऑफिसरांचा. १९४४ चं ऑलिंपिक लंडनला होणार होतं, युद्धामुळे रद्द. वोल्डनबर्गच्या कॅम्पमध्ये सात हजाराच्या आसपास पोलिश कैदी, त्यांनी ठरवलं आपण करू. जर्मनांची परवानगी काढली. चादरीचा पांढरा झेंडा, त्यावर रंगीत मफलरांच्या तुकड्यांची पाच वर्तुळं, आणि तो झेंडा लष्करी मानवंदना देऊन चढवला. ३६९ कैद्यांनी भाग घेतला, फुटबॉल, हँडबॉल, बास्केटबॉल, बॉक्सिंग. जर्मनांनी चार गोष्टींना मात्र नाही म्हटलं. तलवारबाजी नको, धनुष्यबाण नको, भालाफेक नको. इथपर्यंत समजलं. चौथी, पोल व्हॉल्ट. लांब बांबू घेऊन माणूस उंच तारेवरून पलीकडे, हे कुठल्या कमांडंटला झेपणार! त्या आधी १९४० मध्ये न्यूरेंबर्गजवळच्या कॅम्पमध्ये तर कैद्यांनी चोरून, पहारेकऱ्यांना पत्ता न लागू देता, असलंच ऑलिंपिक केलेलं, शर्टाच्या कापडावर वर्तुळं काढून.

आणि एक इटालियन, फेलिचे बेनुझ्झी. केनियात ब्रिटिशांच्या कॅम्पमध्ये. सकाळी ढग बाजूला झाले की समोर माउंट केनिया, रोज. १९४३ च्या जानेवारीत हा दोन मित्रांना घेऊन पळाला, घरी जायला नाही, डोंगर चढायला! दोर म्हणजे खाटेच्या दोऱ्या, बर्फात चालायचे काटे भंगार लोखंडाचे, आणि नकाशाच्या जागी मांसाच्या डब्यावरचं लेबल ज्यावर त्या डोंगराचं चित्र होतं. लेनाना नावाच्या शिखरावर इटलीचा झेंडा लावला आणि परत येऊन गुपचूप कॅम्पमध्ये हजर. शिक्षा २८ दिवस एकांतकोठडी. कमांडंटने त्यांच्या खिलाडूपणाची कदर करत ती सात दिवसांवर आणली.

हे २८ दिवस का? कारण पळणं हा युद्धकैद्याचा गुन्हा धरत नाहीत, शिस्तभंग धरतात, आणि त्याला जास्तीत जास्त ३० दिवस. कबड्डीत बाद गडी पुन्हा जिवंत होतो ना, इथे त्याला स्वतःच जिवंत व्हायचं असतं, आणि प्रयत्न फसला म्हणून त्याला मारायचं नाही. आपले फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परूळकर ऐकलेच असतील, १९७१ च्या युद्धात पकडलेले, ऑगस्ट १९७२ मध्ये दोन साथीदारांबरोबर रावळपिंडीच्या कॅम्पची भिंत फोडून निघाले ते थेट लांडी कोतलपर्यंत, अफगाण सीमा हाकेच्या अंतरावर असताना सापडले, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारतात परत आले.

खेळाच्या पोटात भुयार

आता सागानच्या त्याच गोल्फवाल्या कॅम्पकडे परत. तिथे भुयार खणणं महाकठीण केलेलं. झोपड्या जमिनीपासून वर उचललेल्या, खाली वाकलं की आरपार दिसतं. तारेपासून लांब बांधलेल्या. वरची माती करडी आणि खालची वाळू पिवळीधमक, बाहेर मूठभर सांडली तरी डोळ्यात भरणार. वर जमिनीत मायक्रोफोन पुरलेले, खणायचा आवाज टिपायला.

१९४३ च्या उन्हाळ्यात तिघांनी एक शक्कल काढली. रेड क्रॉसच्या खोक्यांचं लाकूड गोळा करून जिम्नॅस्टिकचा घोडा बनवला. शाळेत पीटीच्या तासाला असतो तसा, ज्यावर हात टेकून उडी मारतात, फक्त आतून पोकळ. रोज दुपारी चार जण तो उचलून आणणार, तारेजवळ नेमक्या त्याच जागी ठेवणार, आणि पोरांची रांग त्यावरून उड्या मारत राहणार. धप. धप. धप. तास-दोन तास. पहारेकरी टॉवरवरून बघून बघून कंटाळला. आणि घोड्याच्या पोटात एक जण, कधी दोघे, बसून आलेले असायचे, जमिनीत झाकण उघडून खाली उतरायचे आणि भांड्याने वाळू खरवडायचे. उड्यांच्या धपधपीत मायक्रोफोनला खणण्याचा आवाज वेगळा कळणार कसा. वाळू पँटच्या पायांच्या पिशव्यांत भरून घोड्याच्या आत टांगायची, झाकण लावायचं, वर करडी माती पसरायची, आणि घोडा वाळूसकट, माणसासकट परत उचलून न्यायचा. आता विचार करा, उचलणारे चार जण, रेशनवर जगणारे, आणि आत एक माणूस अधिक वाळूचं ओझं, पण चेहरा मात्र असा ठेवायचा की रिकामं खोकं नेतोय.

तीन महिन्यांच्या वर हे चाललं. २९ ऑक्टोबर १९४३ ला एरिक विल्यम्स, मायकेल कॉडनर आणि ऑलिव्हर फिलपॉट बाहेर पडले आणि तिघेही स्वीडनला पोचून सुटले. उड्या मारणाऱ्यांपैकी कोणी सुटलं नाही, त्यांनी फक्त महिनोन् महिने उड्या मारल्या. मला नेहमी त्या उड्या मारणाऱ्यांचंच वाटतं.

त्याच कॅम्पमधून पुढे मार्च १९४४ मध्ये ७६ जण दुसऱ्या भुयारातून निसटले. ७३ पकडले गेले. नियम काय, ३० दिवस. हिटलरच्या हुकुमावरून त्यातल्या ५० जणांना गोळ्या घातल्या. नियम असतात, पण ते पाळणारा लागतो, एवढंच ह्यावर म्हणता येतं.

मग फोटो खरा मानायचा की खोटा?

फोटो खरा असतो, पण खेळ खरा असेलच असं नाही. मी भाच्याला सांगितलं, असला फोटो आला की आधी तुझाच प्रश्न विचार, बॉल कोणाचा. मग विचार टीम कोणी निवडली. आणि मग, नाही खेळलो तर काय होईल.

तेरेझिनचं बघा. हा युद्धकैद्यांचा कॅम्प नव्हे, नाझींनी ज्यू लोकांना कोंडलेलं गाव. तिथे बराकीच्या चौकात खरोखर फुटबॉल लीग चालायची, जागा अपुरी म्हणून सात सात जणांची टीम, लोक गॅलरीत उभे राहून बघायचे, आणि खेळणाऱ्यांना त्यात खरा आनंद मिळत होता, ते खोटं नव्हतं. पण जून १९४४ मध्ये रेड क्रॉसचे पाहुणे येणार म्हणून नाझींनी गाव रंगवून काढलं, नंतर फिल्म शूट केली, त्यात फुटबॉल मॅच घातली, बघा किती सुखात आहेत. शूटिंग संपल्यावर त्यातल्या बहुतेकांना आउशवित्झच्या मृत्युछावणीत पाठवलं. फिल्ममधला गोल खरा आहे. मारणारा पुढे जगला की नाही ते फिल्ममध्ये नाही.

कोरियन युद्धात, नोव्हेंबर १९५२ मध्ये, चिनी लोकांनी उत्तर कोरियातल्या प्योकटोंगला कॅम्पाकॅम्पांतल्या कैद्यांचं 'ऑलिंपिक' भरवलं, सुमारे पाचशे खेळाडू, मिरवणूक, बक्षिसं, आणि भरपूर फोटोग्राफर. आधीच्या वर्षी त्याच भागातल्या कॅम्पमध्ये शेकड्यांनी कैदी उपासमारीने आणि आजाराने गेले होते. वोल्डनबर्गचं ऑलिंपिक कैद्यांनी मागून घेतलं, प्योकटोंगचं कैद्यांच्या नावाने दुसऱ्याने भरवलं. रीलमध्ये दोन्ही सारखीच दिसतील.

आणि उलट बाजूचा खोटेपणा पण असतो हां. जर्मनांनी व्यापलेल्या कीव्हची 'मृत्यूची मॅच' व्हॉट्सॲपवर दर दोन महिन्यांनी येते, जर्मनांनी धमकावलं तरी खेळाडू जिंकले आणि लगेच त्याच जर्सीत गोळ्या घातल्या. मॅच झाली होती, ९ ऑगस्ट १९४२, स्टार्ट नावाच्या बेकरी कामगारांच्या टीमने जर्मन टीमला ५-३ हरवलं. पण मैदानावर कोणाला मारलं नाही, आठवड्याने ते अजून एक मॅच खेळले, त्यानंतर धरपकड झाली, एक जण छळात मेला आणि तिघांना १९४३ च्या फेब्रुवारीत कॅम्पमध्ये गोळ्या घातल्या. बाकीची फोडणी सोव्हिएत सरकारने दिली. खरी गोष्ट पुरेशी भयंकर होती, पण प्रचाराला पुरेशी नव्हती.

आणि तारेबाहेर लढणारे सैनिक?

ते तर खेळतातच, तळावर, बोटीवर, खंदकामागे. १९१४ च्या ख्रिसमसला पश्चिम आघाडीवर काही ठिकाणी ब्रिटिश आणि जर्मन शिपाई खंदकातून बाहेर आले, सिगारेटी वाटल्या, आपापले मेलेले पुरले, आणि कुठे कुठे फुटबॉल लाथाडला. तेव्हाच्या पत्रांत ३-२ असा स्कोर सुद्धा सापडतो. पण रेफरी, नव्वद मिनिटं, तसलं काही डोळ्यासमोर आणू नका, बहुतेक ठिकाणी आमच्या शेतात चालतं तसं, ज्याला मिळेल त्याने मारा.

बॉलचा दुसरा उपयोग दीड वर्षाने दिसला. १ जुलै १९१६, फ्रान्समधली सोमची लढाई, ब्रिटिश कॅप्टन नेव्हिलने आपल्या पोरांना फुटबॉल दिले, हल्ला सुरू झाला की लाथ मारत जर्मन खंदकापर्यंत न्यायचे. पोरं घाबरू नयेत म्हणून. नेव्हिल त्याच दिवशी मेला, त्या एका दिवसात ब्रिटिशांचे १९,२४० मेले. हा बॉल मला आवडत नाही. सगळ्यात भीतीच्या क्षणी ओळखीची वस्तू पायात देणं समजतं मला, पण नंतर पेपरांनी त्याचं कौतुक करून युद्ध म्हणजे मोठी मॅच असं जे चित्र रंगवलं त्याने किती पोरं भरतीला गेली असतील.

घरी गेल्यावर

काही जण घरी गेलेच नाहीत. बर्ट ट्राउटमान, जर्मन पॅराट्रूपर, इंग्लंडमध्ये युद्धकैदी. कॅम्पच्या मॅचमध्ये एकदा गोलकीपरशी जागा बदलली आणि तिथेच चिकटला. सुटका झाल्यावर इंग्लंडातच राहिला, १९४९ मध्ये मँचेस्टर सिटीने घेतला तेव्हा वीस हजार लोक रस्त्यावर उतरले, नाझी नको म्हणून. त्याच शहराचे ज्यू रब्बी आल्टमान यांनी पत्र लिहिलं की एका माणसाला सगळ्या जर्मनांच्या पापाची शिक्षा देऊ नका. १९५६ च्या एफए कप फायनलमध्ये समोरच्या खेळाडूशी धडक होऊन ट्राउटमानची मान मोडली, त्याला कळलंच नाही, उरलेली मिनिटं मान धरून खेळला आणि सिटी ३-१ जिंकली.

आणि ज्यांचं शरीर युद्धाने मोडलं त्यांचं? इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिलच्या हॉस्पिटलात डॉक्टर लुडविग गुटमान, स्वतः नाझींपासून पळून आलेले, पाठीच्या कण्याला मार बसलेल्या सैनिकांना खेळायला लावायचे, औषध म्हणून. २९ जुलै १९४८ ला १६ जणांची धनुर्विद्येची स्पर्धा त्यांनी घेतली, त्यातूनच पुढे पॅरालिंपिक उभं राहिलं.

त्या रांगेत आपले मुरलीकांत पेटकर येतात, पेठ इस्लामपूरचे, भारतीय लष्करात जवान, मुळात बॉक्सर. १९६५ च्या युद्धात अंगात गोळ्या घुसल्या, कमरेखालचं शरीर गेलं, एक गोळी मणक्याजवळ कायमची राहिली. उपचारात पोहणं सुरू झालं. १९७२, हायडेलबर्ग, ५० मीटर फ्रीस्टाइल, ३७.३३ सेकंद, भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक सुवर्णपदक.

भाच्याने मध्येच फोनवर सर्च केलं आणि विचारलं, मग ह्यांना अर्जुन अवॉर्ड कधी मिळालं? २०२५ च्या जानेवारीत, म्हटलं. त्याने बोटांवर मोजलं. "बावन्न वर्षं?" आणि बाहेरून पोरांची हाक आली, बॉल ह्याचाच होता, खेळ अडलेला.